दोन हजार बाविसावा चौकोन

“सहा ओळी, आणि एकेका ओळीत तीनशे सदतीस! मावशी, हा पडदा नाही, मफलर होईल,” म्हणत भाचीने खडू टेबलावर टाकला.

मावशी बधली नाही. मुलांच्या हॉस्पिटलच्या शिवणखोलीत तिची उभी हयात गेली होती. जमत नाही असं कापडच नसतं, हे तिचं पालुपद. या वेळचं काम मात्र काळीज पिळवटणारं होतं. इथे दगावलेल्या मुलांच्या कपड्यांचे चार-चार बोटांचे चौकोन आयांनी पाठवले होते. ते जोडून दर्शनी भिंतीवर लावायचा पडदा शिवायचा होता. भिंत जवळजवळ चौरस, आणि चौकोन दोन हजार बावीस. एकही वगळणार नाही, असा शब्द मावशीनेच सगळ्या आयांना देऊन ठेवला होता.

“आकड्याला दोनाने भाग जातो, तिनाने जातो, मग उरतो तीनशे सदतीस. तो तर नुसता दगड, कशानेच फुटत नाही,” भाची कुरकुरली. मग एकदम उजळली. “अगं, पण पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस म्हणजे दोन हजार पंचवीस! आणखी तीनच आले ना, की झालंच...”

तिने जीभ चावली.

“येऊ नयेत गं बाई,” मावशी म्हणाली. “कुणाचेच येऊ नयेत.”

“मग तीन कोरे लावू.”

“कोरी जागा म्हणजे पुढच्याची वाट बघणं. आजारी लेकरू घेऊन आत शिरणाऱ्या आईने ती बघायची? मुळीच नाही.”

मावशीने खडू उचलला. “पंचेचाळीसच्या चौरसातल्या दोन ओळी उसव आणि बाजूला उभ्या जोड. किती उरतात?”

भाचीने बोटांवर मोजलं. “चार.”

“म्हणजे त्रेचाळीस गुणिले सत्तेचाळीस. दोन हजार एकवीस. भिंतीवर झक्क बसतोय.”

“हात्तिच्या! पण मावशी, एक जास्त होतोय.”

“कुठे होतोय?”

मावशीच्या हातात पिवळ्या चौकड्यांचा तुकडा होता. भाचीने तो लगेच ओळखला. मावशीच्या लेकाच्या, तिच्या दादाच्या शर्टाचा.

“दादाचा नको गं! एकही वगळायचा नाही म्हणालीस ना?”

“आयांना शब्द दिला होता. स्वतःला कुठे दिला?”

“मग मागच्या बाजूला तरी लावू. कुणाला दिसणार आहे?”

“भिंतीकडे तोंड करून उभं राहायला त्याने काय खोडी केलीय?” मावशीने बाहीने डोळे पुसले आणि मशीन सुरू केलं.

पडदा लागला त्या दिवशी बायकांची गर्दी लोटली. जी ती आपला चौकोन शोधत होती, सापडला की त्यावरून हात फिरवत होती. मावशी बाजूला उभी राहून शिवण सरळ आली की नाही ते बघत होती. आली होती, अगदी दोरीत.

एकीने वळून विचारलं, “बाई, तुमचं कुणी आहे का यात?”

“नाही हो. मी नुसती शिवणारी.”

“नशीबवान आहात.”

“हो ना,” मावशी म्हणाली. तिचा उजवा हात एप्रनच्या खिशात होता, आणि सगळे गेले तरी तो तिने बाहेर काढला नाही.