मला आडवी टांगा

मी एक जुनी करवत आहे आणि मला बहात्तर दात आहेत. मोजून घ्या, मित्रांनो, पण लांबून. गंज चढला म्हणून माझी जीभही बोथट झाली, असं समजू नका.

मी माणसाएवढी उंच. लोहाराने मला दोन टोकांना दोन मुठी बसवल्या, दोन्ही एकाच फांदीच्या. मग मी लाकडाच्या वखारीत आले. तिथे एक खोल खड्डा होता. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकाने ओंडक्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने खड्ड्यात उतरायचं आणि मला वरखाली ओढत फळ्या पाडायच्या. त्या शहरात गोऱ्यांचे आणि काळ्यांचे बाक वेगळे, नळ वेगळे, शाळा वेगळ्या. एकमेकांत प्रेम जमलं किंवा लग्न केलं की सरळ तुरुंग. मग माझ्या मुठी कशा सुटणार? वरची गोऱ्याची, खालची काळ्याची. गंमत बघा, माझे दात खाली झुकलेले. लाकूड कापायचं ते मी खाली येताना, म्हणजे खरा जोर खड्ड्यातल्याचा. नाकातोंडात भुसाही त्याच्याच. "काय सरळ फळी पाडली!" ही शाबासकी मात्र वरच्याला. मला भयंकर राग यायचा, पण करवतीला विचारतो कोण?

खड्ड्यातल्या म्हाताऱ्याची छाती भुशाने भरली, तेव्हा त्याच्या जागी त्याची मुलगी उतरली. एकोणीस वर्षांची, राग कायम नाकावर. वखारीत तिला मिरची म्हणत. वर वखार चालवणाऱ्या मिस्त्रींचा मुलगा होता, लंबू. पहिल्याच दिवशी त्याने आपली रुंद काठाची टोपी खड्ड्यात टाकली.

"दया आली वाटतं?" खालून आवाज आला.

"दया कसली? तू शिंकलीस की माझी रेघ चुकते."

"मग रेघ सांभाळ. टोपी परत मिळणार नाही."

खरंच नाही दिली परत.

दोन वर्षं त्यांनी एकमेकांचा चेहरा धड पाहिला नाही. मध्ये ओंडका. पण मी होते ना! तिला बरं नसलं की माझी ओढ आखूड व्हायची आणि तो गुपचूप हात सावकाश करायचा. तो खुशीत असला की मी अशी उसळायचे की ती ओरडायची, "अरे हळू, खांदा उखडशील माझा!" जेवणाच्या सुट्टीत तो ओंडक्यावर पालथा पडून चिरेतून बोलायचा. एकदा त्या चिरेतूनच त्याने विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?"

तिने टोपीवरचा भुसा झटकला. मग म्हणाली, "खड्ड्यातून हो म्हणणार नाही. आधी मी वर येईन, मग विचार."

कोणीतरी चहाडी केली आणि मिस्त्रींना कळलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "उद्यापासून तू कचेरीत बसायचं," ते मुलाला म्हणाले. "आणि ती पोरगी मला इथे दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळी वखार हजर असताना, मिरची टोपी घालून आली आणि सरळ ओंडक्यावर चढली. लंबू मुकाट्याने खड्ड्यात उतरला. सगळ्यांचे हात थांबले. मिस्त्री धापा टाकत आले. "अरे, वर ये! पोलीस येतील!"

"येऊ देत, बाबा. एवढी फळी पुरी होऊ दे."

मित्रांनो, तशी मी आयुष्यात कधी चालले नाही. ती रेघ बघत होती, तो भुसा खात होता आणि मी सुसाट निघाले होते. पोलीस आले तेव्हा वीतभर लाकूड उरलं होतं. ते "थांबा" म्हणाले. आम्ही तिघंही थांबलो नाही. फळी पडली. तिने वरून खाली पाहिलं. "हं, आता विचार."

"करशील?" तो खोकत म्हणाला.

"करीन!" सगळ्या वखारीने ऐकलं. पोलिसांनीही.

दोघांना आठ-आठ महिन्यांची कैद झाली. सुटल्यावर त्यांनी सीमेपलीकडे जाऊन लग्न केलं, असं हवालदारांच्या तोंडून कळलं. मी पुरावा म्हणून जप्त झाले. पोलिसांच्या गोदामात ना तेल, ना कानस. कायदा मेला तरी मी तिथेच गंजत पडले. शेवटी संग्रहालयाने मला आणलं, भिंतीवर उभी टांगलं आणि खाली पाटी लावली, 'वरची मूठ गोऱ्यांची, खालची काळ्यांची'. म्हणजे पुन्हा तेच!

गेल्या महिन्यात एक आजी-आजोबा आले. आजोबा वाकलेले, तरी उंच. आजींच्या डोक्यावर काठ विरलेली टोपी. मी ओळखलं.

"हिला आडवी टांगा," आजी म्हणाल्या.

"पण आजी, ही उभीच वापरायचे," तिथला माणूस म्हणाला.

"मला सांगतोस? खड्ड्यात मीच होते." आणि त्यांनी जमिनीवर बसकण मारली. "आडवी होईपर्यंत मी उठत नाही."

बिचारा शिडी घेऊन आला. खिळे ठोकेपर्यंत दोघांनी मला एकेका मुठीने धरून ठेवलं. ती अजूनही जरा जास्तच ओढते.

तर मित्रांनो, मला अधूनमधून तेल लावा, ओल लागू देऊ नका. आणि कोणी मला पुन्हा उभी करायला आला, तर त्याला म्हणावं, हिचे दात मोज. जवळून.