सोपा केलेला पूल

आमची मुलगी क्रेन चालवायला शिकते असं सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून हसू आवरायचे. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीला घरात आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची. खुर्ची, पाण्याने भरलेली बादली, एकदा तर शेजाऱ्यांचा झोपलेला कुत्रा. त्यामुळे तिने क्रेनचं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

मग एके दिवशी तिच्या क्रेनच्या हुकाला लटकवलेला सळयांचा भारा झुलला आणि यार्डातल्या पत्र्याच्या शेडवर जाऊन आदळला. शेड रिकामी होती. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण मुंगी केबिनमधून खाली उतरली ती थेट घरी आली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. ट्रेनिंगचे सर फोनवर म्हणाले, "वाऱ्याचा झोत आला हो, कुणाच्याही हातून झालं असतं." आम्हीही तिला तेच सांगितलं, येणाऱ्याजाणाऱ्यानेही तेच सांगितलं. ती मान हलवायची आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसायची. परीक्षा जवळ येत चालली होती. त्याआधी ती परतली नाही, तर तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी देणार होते.

कॉम्प्युटर आमच्या दुकानाच्या कोपऱ्यात आहे. आम्ही वजनकाटे दुरुस्त करतो. नवरा काटा उघडतो, स्प्रिंग बदलतो, स्क्रू पिळतो; तपासायचं काम माझं. ज्याने दुरुस्त केला त्याने तपासायचा नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. आपण जुळवलेल्या काट्याकडे माणूस मायेने बघतो आणि मायेने बघितलं की काटा बरोबरच दिसतो. म्हणून मी पंखा बंद करते, खिडकी लावते, पितळी वजनं चिमट्याने उचलून पारड्यात ठेवते आणि जे दिसेल ते सांगते. नवऱ्याची ख्याती अशी, की माझ्या सख्ख्या भावाने एकदा "भावजी, काटा जरासा आपल्या बाजूला झुकवा की," असं म्हटलं, तेव्हा याने तो काटा तसाच उघडा त्याच्या हातात दिला आणि वर्षभर त्याच्याशी अबोला धरला. माहेरी माझी किती पंचाईत झाली ते त्याने विचारलंही नाही.

मुंगी खेळायची तो खेळ जुना, आमच्या लग्नाच्या सुमारास निघालेला. चित्रं सगळी ठोकळ्याठोकळ्यांची. चार सोबती एका डोंगराखालच्या राज्यात उतरतात: एक योद्धा, एक जादूगार, एक चोर आणि जखमा बऱ्या करणारी एक पुजारीण. जादूगाराच्या झोळीत दोनच मंत्र. ते वापरले की त्याला झोप हवी आणि तो झोपला की लांडगे येणार. खेळाच्या चार पातळ्या होत्या आणि मुंगीने सगळ्यात वरची, 'निर्दय' नावाची पातळी निवडली होती. का निवडलीस असं विचारलं, तर म्हणाली, "त्यात कुणी दयामाया दाखवत नाही."

मला आधी त्या खेळाचा संताप यायचा. तरणीताठी पोर दिवसभर ठोकळ्यांच्या लांडग्यांकडून मार खाते, हे बघवत नव्हतं. पण माझी खुर्ची तिच्या मागेच. काटे तपासता तपासता माझी नजर तिकडे जायला लागली. योद्ध्याच्या अंगावर मणभर लोखंड आणि डोक्यात नुसती हवा, कुणी हाक मारायच्या आत पुढे धावणारा. चोरटा मला आवडायचा. मुंगी सतत मरायची आणि मरता मरता शिकायची. मोकळ्या मैदानात लांडगे घेरतात, म्हणून दाराच्या अरुंद चौकटीत उभं राहायचं, म्हणजे एका वेळी एकच लांडगा समोर येतो. मंत्र पहिल्या झटक्यात उधळायचा नाही. आणि जमत नसेल तर पळून जायचं, त्यात लाज नाही. हळूहळू मीच मागून ओरडायला लागले, "अगं, त्या पुजारिणीला मागे घे!"

असं करत करत ती डोंगराच्या पोटातल्या पुलापर्यंत पोचली आणि तिथे घोडं अडलं. पुलावर एक राक्षसीण, तिच्याभोवती तिचे कुत्रे. कुत्रे धावत येऊन जादूगाराला फाडायचे आणि राक्षसीण गदेच्या एका फटक्यात बाकीच्यांचा निकाल लावायची. मुंगीने सगळं करून पाहिलं. पूल अरुंद असूनही उपयोग नव्हता, कारण कुत्रे सोबत्यांच्या डोक्यावरून उड्या मारायचे. कितीतरी दिवस तेच. एका दुपारी तिने माऊस बाजूला ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडली. आवाज न करता रडली. मी काटा सोडून उठले, तर नवऱ्याने डोळ्यांनीच मला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगी पुन्हा बसली आणि पुलावर राक्षसिणीला धूळ चारली. इतकी जोरात ओरडली, की काटा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं. तिने मला खुर्चीतून उठवून गोल फिरवलं. त्या अपघातानंतर मी तिचे दात पहिल्यांदा पाहत होते. "आई, 'निर्दय'वर हरवली मी तिला! मी आत्ता सरांना फोन करते. परीक्षेला बसते." आणि तिने केलाही. सर म्हणाले, परवा ये, सरावासाठी पुन्हा क्रेनवर चढवतो. माझा जीव भांड्यात पडला. नवरा हसत होता, पण त्याचं हसू मला जरा शिळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात तो एकच काटा उघडत होता आणि बंद करत होता. बंद केला की पुन्हा उघडत होता. मी म्हटलं, "अहो, काय झालंय?"

तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "परवा ती दूध आणायला गेली होती ना, तेव्हा मी तिच्या खेळाची पातळी खाली आणली. 'निर्दय'वरून 'साधी'वर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने माझ्या भावासाठी केसभर काटा हलवला नाही, त्याने पोरीसाठी अख्खा काटाच फिरवला होता.

"मी खेळ हलवलाय," तो म्हणाला, "तिचं आयुष्य नाही हलवलं. रडत होती गं ती. मला नाही बघवलं."

"आणि ती कोणत्या काट्यावर स्वतःला तोलून उद्या क्रेनवर चढणार आहे?"

क्षणभर मला वाटलं, मूग गिळून बसावं. ती हसली होती, जायला निघाली होती. आम्हाला एवढंच तर हवं होतं. सांगितलं आणि ती पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली तर? जागा गेली तर? पण खेळात मेलं तर मागचा साठवलेला खेळ उघडता येतो. यार्डात भाऱ्याखाली माणसं उभी असतात. क्रेन तिला पेलत नसेल आणि तिला वाटत असेल की पेलतेय, तर त्या माणसांचं काय? तिचं काय? मी म्हटलं, "सांगायचं. आजच. आणि तुम्हीच सांगायचं."

जेवायला बसल्यावर त्याने सांगितलं. बसून सांगता येईना म्हणून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "मी चुकलो, मुंगे."

मुंगी ताटावरून उठली आणि दुकानात गेली. आम्ही मागोमाग गेलो. तिने खेळ उघडला, पातळी पाहिली. मला वाटलं, आता ही कॉम्प्युटर उचलून आपटणार. मी तिच्या जागी असते तर आपटला असता. पण ती स्वतःशीच म्हणाली, "म्हणूनच."

"म्हणूनच काय?" मी विचारलं.

"काल मी जादूगाराला चुकून पुढे पाठवलं होतं, आई. माऊस घसरला माझा. तो मरायलाच हवा होता, आणि मेला नाही. मला वाटलं, नशीब. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, की मी जिंकले कशी? मला सांगताच येईना. हरले तर नेहमी सांगता यायचं."

तिने पुलाच्या अलीकडचा खेळ उघडला, पातळी पुन्हा 'निर्दय'वर नेली आणि लढली. हरली. "चोर उशिरा हलला, माझी चूक," ती म्हणाली. पुन्हा लढली, पुन्हा हरली. "मंत्र कुत्र्यांवर टाकायला हवा होता, तिच्यावर नाही. माझीच." आता ती रडत नव्हती. तिचा बाप मागे ओशाळून उभा होता, अगदी खोटं वजन पकडलं गेलेल्या दुकानदारासारखा. असं दोन-तीनदा झाल्यावर तिने खुर्ची आमच्याकडे वळवली.

"बाबा, त्या दिवशी वारा नव्हता."

तिने माऊस बाजूला सारला.

"केबिनमध्ये वाऱ्याचा वेग दाखवणारा मीटर असतो. भारा झुलला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं होतं. काटा जागचा हलला नव्हता. खाली उतरले, तर सगळे म्हणाले, वारा होता. सर म्हणाले, तुम्ही म्हणालात, आई म्हणाली. मग मला वाटायला लागलं, मलाच नीट दिसलं नसेल. सगळे एवढं गोड बोलत होते, की मी कुणाला विचारूच शकले नाही."

"अगं, तुला बरं वाटावं म्हणून..." मी म्हणायला गेले.

"मला ठाऊक आहे गं. पण वारा असेल तर मी काय करायचं? वारा माझ्या हातात आहे का? तो उद्याही येईल, परवाही येईल. म्हणजे दर वेळी वर चढायचं ते नुसतं घाबरतच. त्यापेक्षा इथे बरं होतं. इथे मेले की का मेले ते तरी कळायचं."

दिवसचे दिवस आम्ही तिला वारा भरवत होतो आणि ती घरी का बसून राहिली, असं एकमेकांना विचारत होतो. नवऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण खुर्ची परत पडद्याकडे वळवली.

त्या दिवशी तिने राक्षसिणीला अगदी शेवटच्या फटक्यापर्यंत आणलं आणि तरी ती हरलीच. यावेळी का ते सांगितलं आणि कॉम्प्युटर बंद केला. "उद्या जाणार आहेस ना?" असं विचारायला माझी जीभ उचलली नाही. नवरा तर त्या दिवशी कुणालाच काही विचारायच्या लायकीचा उरला नव्हता.

सकाळी ती उठली, जुने जाड बूट घातले आणि गेली. मी तपासायला घेतलेल्या काट्यावर एकच वजन पुन्हा पुन्हा ठेवत राहिले. ती आता वर चढली असेल, असं मनात यायचं आणि काटा वाचायचाच राहायचा. दुपार झाली तशी मी मनातल्या मनात बोलायची तयारी करायला लागले. ती तोंड पाडून आली तर काय म्हणायचं, जागा गेली असेल तर काय म्हणायचं. चांगली चांगली वाक्यं सुचत होती मला.

दुकानाच्या पायरीवर बुटांचा आवाज आला आणि ती दारात उभी राहिली. धुळीने माखलेली, घामाने चिंब, चेहरा असा उजळलेला, की मला वाटलं परीक्षाच पास होऊन आली.

"आई! चूक माझीच होती!"

"काय?"

"मी सरांना सरळ विचारलं. म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. माझं चुकलं होतं का, तेवढं सांगा. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, हो, तुझंच चुकलं. भारा उचलल्यावर तो स्थिर व्हायची वाट न बघता मी क्रेन फिरवायला घेतली. घाई केली. थांबायचं होतं गं, एवढंच! थांबता येतं मला! आज थांबले. भारा झुलला, मी थांबले, तो शांत झाला, मग फिरवली." तिने दोन्ही हातांनी हवेतले लिव्हर धरून मला दाखवलं. "परीक्षेला बसणार आहे मी. नापासही होईन. पण का झाले ते विचारून येईन."

नवरा दाराशी येऊन उभा राहिला होता. तो काही बोलायच्या आधीच ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, मी अजून रागावले आहे तुमच्यावर." तो म्हणाला, "बरोबर आहे," आणि त्याचे डोळे भरून आले.

माझ्या तोंडाशी आलं होतं, घाबरू नकोस, सगळं नीट होईल. दिवसभर घासूनपुसून ठेवलेली ती वाक्यं मी गिळली.

"मला फार भीती वाटते गं," मी म्हणाले. "तू तिथे वर असतेस तेव्हा मला काही सुचत नाही."

मुंगी बूट काढता काढता म्हणाली, "मलाही वाटते," आणि माझ्या शेजारी येऊन बसली.