बसल्या उंचीचा ठिपका

दवाखान्यातल्या स्टुलावर बसवताना मी लेकीच्या कानात सांगितलं, "जरा पोक काढून बस हं, राणी."

उभं राहताना ताठ आणि बसताना पोक, असं मी तिला आठवडाभर घरी शिकवलं होतं. उभी उंची जास्त आणि बसलेली कमी भरली की डॉक्टरांच्या आलेखावरचा तिचा ठिपका खाली येईल, एवढं गणित मला जमलं होतं.

पण मापं घेणाऱ्या ताई मुरलेल्या. त्यांनी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं, तशी ती खिदळत ताठ झाली.

"आईनंच सांगितलं पोक काढायला!" तिनं मला तिथल्या तिथे विकून टाकलं.

"आईला आमची नोकरी हवीय वाटतं," ताई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. उभी एकशे दोन सेंटिमीटर, बसलेली एकोणसाठ.

डॉक्टरीणबाईंनी आलेख पुढे सरकवला. तान्ह्या बाळाचं धड मोठं, पाय एवढेसे. पुढे पाय भराभर वाढतात, म्हणून उंचीतला धडाचा वाटा कमी होत जातो. हजारो मुलांच्या मापांतून काढलेल्या त्या रेषा घसरगुंडीसारख्या उतरत होत्या. माझ्या लेकीचे गेल्या तीन वर्षांचे तीन ठिपके मात्र सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर. उंचीच्या शंभरात धडच अठ्ठावन्न. उतरायचं नाव नाही.

"सहाचीच तर आहे," मी म्हटलं. "आणि मीच बघा ना केवढीशी! शिंपी माझी प्रत्येक पँट वीतभर कापतो, वर म्हणतो, उरलेल्यात लेकीची होईल."

मला वाटलं, त्या हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही बसता का स्टुलावर?"

"मी? मी कशाला?"

"दोनच मिनिटं."

ताईंनी माझ्या डोक्यावर फळी टेकवली. उभी एकशे सेहेचाळीस, बसून त्र्याऐंशी. आलेखाच्या उजव्या टोकाला, मोठ्यांच्या जागी, माझाही ठिपका पडला. रेषांच्या वर.

"पाय आखूड राहण्याचं हे बहुधा तुमच्याकडून आलंय," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "रक्त तपासल्याशिवाय नक्की नाही सांगता येणार."

"म्हणजे ती माझ्याएवढी तरी होईल ना?"

"कमीही राहू शकते. तुमची या वयाची मापं आहेत का कुठे? थोडा अंदाज आला असता."

मी बाहेर जाऊन आईला फोन लावला. "आई, मी सहा वर्षांची असताना केवढी होते गं?"

"केवढी म्हणजे? एवढीशी." तिकडे तिनं हात करून दाखवला असणार.

"आकडा सांग, आई. आकडा!"

"ओरडतेस काय? चार पोरं, कोण मापत बसतंय?" मग जरा थांबून म्हणाली, "तुझे पायजमे धाकटीला कधी झाले नाहीत बघ. दोन वर्षांनी लहान ती, पण तिचेच तुला घालायचे. तू रडायचीस आणि आम्ही हसायचो. का गं? काय झालंय?"

"नंतर करते," म्हणून फोन ठेवला आणि आत जाऊन पायजम्यांचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक ओळ लिहिली. आलेखावर ठिपका काही पडला नाही.

ताई सुया घेऊन आल्या. "आधी कोण?"

"आई!" लेक माझ्यामागे लपली.

मी बाही वर केली. सुई आत शिरताना सगळे नजर फिरवतात म्हणे. मी सुईकडेच बघत राहिले; लेकीकडे बघायची छाती होईना.