पान उघडेपर्यंत

"हळू बोल, टाके उसवतील," नर्स म्हणाली. पण आश्रयगृहात नुकतीच आलेली ती बाई थांबेना. जबडा बांधलेला होता, शब्द दातांतून कसेबसे निघत होते.

"बाथरूममध्ये कडी लावून बसले होते. मोबाइलवर सर्च केलं, नवरा मारतो, काय करू. वर सगळे संसार टिकवायचे उपाय सांगणारे. तुमची साइट पार खाली. दाबलं, तर नुसतं पांढरं, आणि चाक फिरतंय गरगर. तो दाराला लाथा घालत होता. मी आपली चाकाकडेच बघत बसले. मग कडी तुटली."

आश्रयगृहाची वेबसाइट सांभाळणारी ताई कोपऱ्यातल्या संगणकापाशी बसून ऐकत होती. तीही कधीकाळी इथे अशीच आली होती. पुढे काम शिकली आणि इथेच राहिली. तिने त्या बाईचा तडकलेला मोबाइल मागून घेतला, आश्रयगृहाची साइट उघडली. पांढरं. चाक.

पहिल्याच पानावर संस्थेच्या अध्यक्षांनी केलेल्या उद्घाटनाचा व्हिडिओ होता, आपोआप सुरू होणारा. त्याखाली हारतुऱ्यांचे अवजड फोटो. ते सगळं लोड झाल्याशिवाय फोन नंबर दिसत नव्हता. पान रखडायचं, लोक परत फिरायचे, आणि सर्चमध्ये साइट आणखी खाली घसरायची. अध्यक्षांना हे सांगून ताईच्या तोंडाला फेस आला होता.

त्या दिवशी तिने कुणाला विचारलं नाही. व्हिडिओ उडवला, फोटो काढले. वर ठळक नंबर ठेवला. तडकलेल्या मोबाइलवर बोट लावताच तो समोर आला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष तणतणत आले.

"माझा व्हिडिओ कुठाय?"

"काढला, साहेब. साइट उघडतच नव्हती."

"कुणाच्या जिवावर चालतंय हे सगळं?" त्यांनी कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला. बटणं उडाली.

ताईचे दोन्ही हात आपसूक डोक्यावर गेले. ती खुर्चीतच मुटकुळं करून बसली. अध्यक्षांनी हातातल्या तुटक्या कीबोर्डकडे पाहिलं, तो हळूच खाली ठेवला आणि निघून गेले. ताईचे हात मात्र बराच वेळ खाली येईनात.

व्हिडिओ परत लावायला कुणी सांगितलं नाही. हळूहळू साइट सर्चमध्ये वर सरकली, फोन वाढले.

एका दुपारी फोनवर नुसता श्वास ऐकू आला. मागे दाराचं लाकूड फुटत होतं.

"पत्ता सांग. फक्त पत्ता," ताई म्हणाली.

कुजबुजत पत्ता आला. मग किंकाळी, धपकन काहीतरी पडल्याचा आवाज, आणि फोन बंद. ताईने लगेच पोलिसांना पत्ता कळवला.

पोलिसांची जीप संध्याकाळी फाटकात आली. आतून एक पोरसवदा बाई उतरली. कपाळ फुटलेलं, पायात एकच चप्पल. ताईने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने आधी हातावरचं रक्त धुतलं, मग उरलेलं पाणी ती उभ्यानेच प्यायली.