शेवटी शून्य

बाबांनी मागच्या आठवड्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान सताड उघडं टाकून घर गाठलं, आणि तेव्हापासून दादा किल्लीच्या मागे हात धुऊन लागला. बाबा म्हणत होते, डोकं शाबूत आहे. दादा म्हणत होता, दाखवा.

म्हणून रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर ब्लॅकजॅक मांडला. किल्ली मधोमध. दादा वाटणार, बाबा खेळणार आणि मनात मोजणार. एकवीसच्या वर गेलात की मेलात, हे आमच्या घरात शेंबडं पोरही जाणतं. मोजणी त्याच्या पुढची: दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता गेला की एक मिळवायचा, दश्शीपासून एक्क्यापर्यंतचा गेला की एक वजा, मधले सोडून द्यायचे. अख्खा कॅट संपला की शून्य उरलं पाहिजे. शून्य आलं तर किल्ली बाबांची, नाही तर दादाची. मला कुणी विचारलंच नाही. या घरात मला फक्त चहा कधी होणार ते विचारतात.

निम्मा कॅट संपला तेव्हा बाबांकडे सोळा झाले आणि दादासमोर दश्शी. अशा वेळी पत्ता मागायचा, हे बाबांनीच आम्हाला शिकवलेलं.

"नको," बाबा म्हणाले.

"विसरलात ना? इथे नेहमी घ्यायचा असतो."

"नेहमी म्हणजे मोजत नसलास तर. चिल्लीपिल्ली सगळी उडून गेलीत, आता लठ्ठ तेवढे उरलेत. घेतला की मी बुडालो. तूच घे."

दादाने झाकलेला पत्ता उलटला. छक्की! त्याचेही सोळाच, आणि वाटणाऱ्याला घेण्यावाचून सुटका नसते. राजा आला, त्याचे दहा; दादा सव्विसावर जाऊन मेला. मी टाळी वाजवली, दादाने डोळे वटारले.

शेवटचा पत्ता पडला.

"किती?" दादाने विचारलं.

बाबा म्हणाले, "एक."

"शून्य हवं, बाबा."

"माहीत आहे मला."

चाळीस वर्षं घड्याळं जोडताना ज्यांच्या हातून एक स्क्रू उरला नाही, त्यांनी किल्ली स्वतःच दादाकडे सरकवली. मला रडू आलं आणि दादाचा भयंकर राग आला. त्या रागात मी टेबल भिंतीकडे ढकललं, तर ते डगडगायला लागलं. इतके दिवस तर छान उभं होतं.

मी वाकून पाहिलं. टेबलाचा पाय होता तिथे फरशीवर पत्त्याची घडी पडली होती. किलवरची दश्शी! ती कॅटमध्ये नव्हतीच, म्हणून शेवटी एक उरला. बाबांची मोजणी बिनचूक होती.

मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात घडीकडे नीट लक्ष गेलं. कोपऱ्याला कोपरा जुळवून नखाने दाबलेली. अशी घडी आमच्या घरात एकच माणूस घालतो.

"हा कुणाचा उद्योग?" दादा म्हणाला. बाबाही माझ्याकडे पाहत होते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"माझा," मी ठणकावून सांगितलं. "टेबल डगडगत होतं."

दादाने स्वतःचे कान पकडले आणि किल्ली बाबांच्या हातात दिली. बाबांनी तो पत्ता घेतला, उलगडला, पुन्हा मिटला. कोपऱ्याला कोपरा. थोडा वेळ ते आपल्याच बोटांकडे पाहत राहिले.

मग त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"आजपासून कुलूप तू लावत जा," ते म्हणाले.