उघड्यावर एक

"काकाजी, हा फोटो तुमचाच ना?"

शुक्रवारी सकाळी सातला नगरपरिषदेच्या बेघर योजनेवरच्या हेमेंद्रने मोबाइल पुढे केला, तेव्हा ईश्वरदास तुरकर बेघरांच्या निवाऱ्याच्या नळावर मंजन करत होते. फोटोत निवाऱ्याचा ओटा होता, ओट्यावर चौकड्यांचं ब्लँकेट आणि ब्लँकेटाबाहेर आलेली दोन पावलं. तोंड दिसत नव्हतं. पण उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. राइस मिलमध्ये काट्यावर असताना वीस किलोचं वजन पडून ते गेलं, ते पुन्हा उगवलंच नाही. आता नाही कसं म्हणणार?

"पाय त माजाच हाये," ईश्वरदास म्हणाले. "काऊन?"

"काऊन म्हणजे? आपली झिरो गेली ना! बॅनर छापून आले काकाजी. पूर्ण शहरात उघड्यावर झोपणारा एकच माणूस सापडला, आन तो कोण, तर निवाऱ्याचा व्यवस्थापक!"

ईश्वरदासांनी आधी चूळ भरली. गेलेला आकडा घाई करून परत येत नाही, हे त्यांना सव्वीस वर्षं काट्यावर बसून कळलं होतं.

झालं होतं ते असं. बेघरांची मोजणी करायला बाहेरून चौघांची तुकडी आली होती. उघड्यावर एकही सापडला नाही, म्हणजे आकडा शून्य आला, तर शहर 'बेघरमुक्त' म्हणून जाहीर होणार होतं. ठरलेल्या एका रात्री, मंगळवारी, त्यांनी शहरभर फिरायचं, उघड्यावर झोपलेला दिसला की फोटो काढायचा आणि एक आकडा वाढवायचा. झोपलेल्याला उठवायचं नाही, हा त्यांचा नियम. नियम चांगलाच आहे. थंडीत कसाबसा डोळा लागलेल्या माणसाला हलवून 'तुला घर आहे का' असं विचारणं कोणाला शोभतं? पण न विचारता मोजलं की असं होतं.

हेमेंद्र आणि ईश्वरदास दोघांनी त्याआधी पंधरा दिवस स्टेशनचा पूल, बसस्टँड, बंद दुकानांचे ओटे पालथे घातले होते. गोड बोलून, दटावून, एकेकाला निवाऱ्यात आणलं होतं. निवाऱ्यात खाटा चोवीस. दाराजवळची खाट व्यवस्थापकाची, म्हणजे लोकांना तेवीस. मोजणीच्या दिवशी संध्याकाळी भाजीबाजारातून हिरालाल आला आणि तो चोविसावा झाला. म्हातारा खोकत होता. ईश्वरदासांनी त्याला आपली खाट दिली. स्वतः आत जमिनीवर झोपले असते तरी चाललं असतं. पण मनात धास्ती, की रात्री एखादा उठून सवयीनं स्टेशनकडे गेला तर? म्हणून कोणी बाहेर पडू नये यासाठी ते दाराबाहेर ओट्यावर आडवे झाले आणि शून्याची राखण करता करता स्वतःच एक झाले.

"पण तुमचं घर आहे ना आमगावकडे?" हेमेंद्रनं विचारलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. पोरगा वाईट नव्हता. त्याच्या कंत्राटाची मुदतही मार्चपर्यंतच होती.

"हाये ना जी. बापाचं घर हाये. घराच्या उताऱ्यावर नाव हाये माजं."

"बस, मग सोपं आहे! सोमवारपर्यंत हरकत घेता येते. तुमच्या भावाकडून चिठ्ठी आणा, की हे आमच्या घरी राहतात, ड्युटीसाठी गोंदियाला असतात. मी एक काटून टाकतो. आणि काकाजी..." तो जरा थांबला. "व्यवस्थापकाला स्वतःचं राहतं घर पाहिजे असं करारात लिहिलं आहे. चिठ्ठी नाही आली तर माझी झिरो जाईल ती जाईल, तुमचं कामही जाईल. मग मी काही नाही करू शकत."

घर आहे, हे वाक्य ईश्वरदासांनी किती जणांना ऐकवलं असेल! मिलच्या खोलीत संसार केला, त्याच खोलीत बायको धुरपता गेली, मूलबाळ झालं नाही. मिल बंद पडली, तेव्हा ते तिच्याच रिकाम्या गोदामात चौकीदार राहिले. गोदाम विकलं गेलं, तेव्हा निवाऱ्यात आले, त्यालाही सहा वर्षं झाली. पण निवाऱ्यातल्या लोकांमध्ये आणि आपल्यामध्ये एक मोठा फरक आहे, असं ते मानत. त्यांना जायला जागा नाही. आपण इथं ड्युटीवर आहोत. या एका फरकावर ते ताठ उभे होते. रोज दाढी करत आणि रजिस्टर ठळक अक्षरात लिहीत. गावाला शेवटचे कधी गेलो, हे मात्र ते स्वतःलाही विचारत नसत.

आठच्या पॅसेंजरनं ते आमगावला उतरले आणि काळीपिवळीत बसून गावात गेले. धान कापून-चुरून झालं होतं आणि बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक हिरवं झालं होतं. घराला नवा रंग होता. बापाच्या वेळचं दार जाऊन तिथं लोखंडी दार आलं होतं.

"अरे, दादा!" धाकटा भाऊ कन्हैयालाल अंगणातून धावत आला. पाया पडला. खुर्ची आणली. आतून पाण्याचा तांब्या आला आणि पाय धुवायला टॉवेलही आला, घडी न मोडलेला, नवा. तो टॉवेल बघूनच ईश्वरदासांना आपण पाहुणे असल्याचं कळलं, आणि वाईट वाटलं.

भावाची बायको जमुना दाराआड उभी होती. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, ती कधी थेट बोलली नव्हती. लग्न होऊन तीस वर्षं झाली, पण पदर डोक्यावर आणि जे बोलायचं ते नवऱ्याला उद्देशून, ही रीत तिनं मोडली नव्हती.

"त्यायले म्हना, भाजी घ्या अजून," ती दाराआडून म्हणायची.

"दादा, भाजी घ्या म्हनते."

"पुरे म्हन," ईश्वरदास म्हणायचे. दोघांमध्ये फक्त चार हात अंतर होतं, तरी निरोप कन्हैयालालमार्फतच जात-येत होते. ईश्वरदासांना त्यात गोडवाच वाटायचा. ही रीत घरच्यांतच असते, परक्याशी कोणी अशी पाळत नाही.

हात धुतल्यावर त्यांनी आपली खोली बघितली. मागच्या अंगाची, आई जिच्यात गेली ती. धानाचे कट्टे छतापर्यंत रचलेले होते. कोपऱ्यात पाण्याची मोटर होती. खाट टाकायची म्हटली तर पंधरा कट्टे हलवावे लागले असते. ईश्वरदासांनी नजरेनंच वजन केलं आणि दार ओढून घेतलं.

मग त्यांनी चिठ्ठीचं सांगितलं. फोटोचं सांगताना ते स्वतःच हसले. कन्हैयालाल हसला नाही. तो खाली बघून नखानं जमीन उकरत राहिला.

"लिहून देतो ना दादा. नाई कायले म्हनू? पन..." तो उठून आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून स्टॅम्पपेपर घेऊन आला. "हे दोन महिन्यापासून बनवून ठेवलं हाये. तुमाले बोलवाची हिंमत नाई झाली. हक्कसोड हाये. पोराचं, मोनूचं, लगन तिरोड्याले जमून राहिलं. पोरीचा बाप उतारा पाहून गेला. म्हनते, घरावर मोठ्या भावाचं नाव काऊन हाये? उद्या तो येऊन बसला त आमच्या पोरीनं कोठं जावं?"

"मी कायले येऊन बसू रे?"

"मले मालूम हाये, दादा. पन कागदावर त हाये ना. आता तुमी म्हनता, इथंच राहतो असं लिहून दे. तसं लिहिलं त ते तिरोडावाले पक्के पाठ दाखवतीन."

"म्हंजे आदी हे सही करू, मंग तू चिठ्ठी देशीन."

कन्हैयालालनं स्टॅम्पपेपर त्यांच्यासमोर ठेवला. ईश्वरदासांना राग आला. चांगलाच आला. घर आहे असं सिद्ध करायला आलेल्या माणसाकडून हा घरच लिहून मागत होता! उठावं, चप्पल घालावी, चालू लागावं. पण जायचं कुठं? चिठ्ठीशिवाय निवाराही त्यांचा नव्हता. ते खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

तेवढ्यात जमुना दाराआडून बाहेर आली. पदर डोक्यावरच होता, पण ती सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी, सही करून द्या," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडतो मी. पोराचं तीनदा मोडलं. हे रातभर जागून राह्यते, पन तुमाले म्हनत नाई. तुमाले काई कमी नाई करू. पन सही करून द्या."

तीस वर्षांत त्यांच्याशी थेट बोललेला तिचा तो पहिला शब्द. आवाज इतका घाबरलेला होता, की ईश्वरदासांचा राग जागच्या जागी विझला. ही बाई आपल्याला घाबरते. आपण साधे काट्यावर बसणारे, कोणाला शिवी न दिलेले, आणि आपलं नाव कागदावर बघून या घरात कोणाला झोप नाही! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आणि हेही कळलं, की जेठाची रीत मोडली म्हणजे या घरातलं आपलं जेठपणही आता संपलं.

"कुठं करू सही?" त्यांनी विचारलं.

कन्हैयालालनं सगळी तयारी आधीच करून ठेवली होती. आमगावला दस्तलेखक ओळखीचा होता, साक्षीदार ओळखीचे होते. तीन वाजता रजिस्ट्री ऑफिसात फोटो निघाला, अंगठा घेतला गेला. बाबूनं विचारलं, "खुशीनं लिहून देऊन राहिले ना?" ईश्वरदास "हो जी" म्हणाले. एक प्रत त्यांनी मागून घेतली. काट्यावर काम केलेला माणूस दुसरी प्रत घेतल्याशिवाय हलत नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर कन्हैयालालनं खिशातून वहीचं पान काढलं. त्याचे डोळे भरलेले होते. "दादा, आता सांगा तुमी. कसं लिहू? ईश्वरदास तुरकर माह्या घरी राह्यतात..."

"राहू दे," ईश्वरदास म्हणाले.

"काऊन? मी त कबूल केलं."

"सकाळी लिहिली असती त खरी झाली असती. आता खोटी होईन. मोनूच्या लग्नाले बोलावजो मातर."

कन्हैयालालनं हात धरला, परत घरी चला म्हणाला, रात्र राहून जा म्हणाला. तेव्हा तो अगदी मनापासून म्हणत होता. ईश्वरदासांनी चहा संपवला आणि संध्याकाळची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. हेमेंद्र संध्याकाळी आला आणि दारातूनच म्हणाला, "आणली?"

ईश्वरदासांनी त्याला सगळं सांगितलं. काहीच झाकलं नाही. "मंग आता एक राहू द्या," ते म्हणाले. "खरा आकडा हाये तो. माजं काम गेलं त गेलं."

हेमेंद्र डोकं धरून खाटेवर बसला. मग त्यानं हक्कसोडीची प्रत मागितली. वाचली. पुन्हा वाचली. एका जागी बोट ठेवून त्यानं तारीख बघितली आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"काकाजी, मोजणी मंगळवारी रात्री झाली. तुम्ही हक्क सोडला काल, शुक्रवारी. म्हणजे मंगळवारी तुमचं घर होतं! सरकारी शिक्क्यानिशी होतं! याच्याहून पक्का पुरावा कोणता? एक कटला! झिरो!"

ईश्वरदासांनी मनातल्या मनात तारखा मोजल्या. हिशेब बरोबर होता. त्यात कुठंच चूक काढता येत नव्हती.

हेमेंद्रनं लगेच कोणाला तरी फोन लावला. "सर, हो गया! पुरावा मिळाला, झिरो पक्की!" बोलता बोलता त्याचं लक्ष ईश्वरदासांकडे गेलं आणि त्याचा आवाज खाली आला. त्यानं फोन ठेवला.

"काकाजी... आजपासून मात्र व्यवस्थापक म्हणून तुम्हाला..."

"समजलं जी."

"लाभार्थी म्हणून राहू शकता. फॉर्म भरून घेतो मी." त्यानं बॅगेतून फॉर्म काढला. शेकडो फॉर्म त्या दोघांनी मिळून भरले होते. ईश्वरदास प्रश्न विचारायचे, हेमेंद्र लिहायचा. आज विचारणारा तोच आणि लिहिणाराही तोच. नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढच्या रकान्याशी पेन अडखळलं.

"बेघर... कधीपासून?"

"कालपासून लिहा," ईश्वरदास म्हणाले.

हेमेंद्रनं लिहिलं. सही घेतली. चाव्यांचा जुडगा ईश्वरदासांनी आपण होऊन त्याच्या हातात दिला.

बाहेर बचत गटाची बाई खिचडीचं पातेलं घेऊन आली होती. रोज ईश्वरदास तिच्याजवळ उभे राहून नंबर पुकारत आणि ती वाढत असे. आज त्यांनी रॅकवरून एक ताट घेतलं, नळावर धुतलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पुढे हिरालाल होता. तो गोंधळून बाजूला सरकला.

"तुरकरजी, तुमी कायले इथं? समोर या ना जी."

"नाई. चाल तू."

रांग पुढे सरकली. पातेल्यातून वाफ येत होती. वाढणाऱ्या बाईनं खालीच बघत विचारलं, "नंबर?"

"पंचवीस," ईश्वरदास म्हणाले आणि दोन्ही हातांनी ताट पुढे धरलं.