नाक्यावरच्या खोल्या

गाडी लांबून दिसली तशी चारुशीलेनं पिशवी डाव्या खांद्यावर घेतली आणि हात वर केला. उमरग्याकडून येणारी ही सकाळची एस.टी. नळदुर्गला भरायची, अणदूरला दाटायची आणि नाक्यापर्यंत येईतो दारातल्या माणसाचा एक पाय बाहेर लोंबत असायचा. ड्रायव्हरनं तिच्याकडं पाहिलं. न पाहिल्यासारखं त्यानं कधी केलं नाही, एवढं खरं. त्यानं एक हात उचलून मागं दाखवला, म्हणजे मागून दुसरी येते आहे, आणि गाडी सोलापूरच्या दिशेनं निघून गेली. मागून दुसरी येत नव्हती.

"गेली की हो बाई," चहाच्या टपरीतून इरम्मा म्हणाली. "उद्यापासून लाल कपडा धरा. त्याला म्हणं रेल्वेबी थांबतीया."

"दिसते मी त्याला, इरम्मा."

"दिसताव म्हणून तर हात हलवतोय. न्हाय तर तेबी कशाला केला असता?" आणि तिनं आत वळून नवऱ्याला हाक मारली, "बसप्पा, कुठली लारी निघाली का बघ की. बाईंची शाळा भरली असंल."

बसप्पा मालट्रकांचे टायर दुरुस्त करायचा. नाक्यावर आता कुणी थांबलंच तर त्याच्यासाठी थांबायचं. चारुशीला एका लॉरीच्या उंच पायरीवर पाय ठेवून, साडी सावरत आत चढली. मागं वळून तिनं खोल्यांकडं पाहिलं. त्यांच्या दोन्ही खोल्यांची दारं मागच्या रानाकडं होती. आईला रस्ता दिसत नसे, फक्त आवाज ऐकू येई, आणि संध्याकाळी ती म्हणे, "आज गाडी वेळेवर आली वाटतं. ऐकलं मी." चारुशीला हो म्हणे.

या जागेची निवड भाऊंची होती. भाऊ म्हणजे तिचे वडील. तरुणपणी ते याच नाक्यावर करोडगिरीत कारकून होते. निजामाचं राज्य इथं संपायचं आणि इंग्रजांचं सुरू व्हायचं. मोटार असो की बैलगाडी, इथं थांबून माल दाखवावा लागे, जकात भरावी लागे. रस्त्यावर आडवा बांबू असे आणि भाऊंनी मान हलवल्याशिवाय तो वर जात नसे. पुढं निजाम गेला, करोडगिरी उठली, भाऊंना कळंबच्या तहसिलीत सामावून घेतलं. उर्दूत आयुष्य काढलेला माणूस चाळिशी उलटल्यावर मराठीत टिपणं लिहायला शिकला. नाक्यावर बांबूचे दोन दगडी खांब तेवढे उरले, आणि नोकरांसाठी बांधलेल्या खोल्या. त्या कुणीतरी लिलावात घेतल्या आणि भाड्यानं देऊ लागलं.

पौषात भाऊ गेले. कळंबचं सरकारी बिऱ्हाड सोडणं आलं. चारुशीला सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होती आणि लांबच्या नात्यात एका घरी कोपरा धरून राहत होती. तिथं आईला आणता येण्यासारखं नव्हतं. शहरात बरी जागा म्हणजे निम्म्याहून जास्त पगार, आणि दोन बायकांचं बिऱ्हाड म्हटलं की मालक आधी विचारत, पुरुषमाणूस कोण? तुळजापूरचे बाबूरावमामा तेराव्यालाच म्हणाले होते, "ताईला मी नेतो. एक माणूस आम्हाला जड नाही." शेजारी शामलामामी उभी होती. ती काही बोलली नाही, आणि आईनं ते न बोलणं ऐकलं.

तेव्हा आईनं भाऊंचा शब्द पुढं केला. दुखण्यात भाऊ म्हणाले होते, "माझ्या मागं नाक्यावर खोल्या घ्या. भाडं झेपेल. आणि चारूनं गाडीची चिंता करू नये. नाक्यावर थांबल्याशिवाय गाडी पुढं जात नाही."

करोडगिरी उठली हे भाऊंइतकं कुणाला माहीत होतं? पण थांबायची सवय लागलेल्या गाड्या थांबतच असतील, असं त्यांनी धरलं असावं. बदलीनंतर हा रस्ता त्यांनी पुन्हा पाहिला नव्हता. चारुशीलेनंही तेव्हा चौकशी केली नाही. एरवी एखादं पुस्तक विकत घ्यायचं तरी चार ठिकाणी विचारणारी ती. पण त्या दिवसांत भाऊंनी सांगितलेली जागा एवढंच तिला पुरलं होतं. मामा म्हणाले, "बघा राहून. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी येतो. जमलं तर ठीक, नाहीतर ताई माझ्याबरोबर येईल."

सुट्टी आता जवळ आली होती.

त्या दिवशी लॉरी वाटेत रेंगाळली. ती शाळेत पोचली तेव्हा प्रार्थना संपून मुली वर्गात गेल्या होत्या. मुख्याध्यापिका प्रेमाबाई दारातच होत्या. त्या ओरडल्या नाहीत. बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्हाला लॉरीतून उतरताना एका पालकांनी पाहिलं. मला त्याचं काही नाही. पण कायम कुणाला करायचं हे संस्थेची मंडळी ठरवतात, आणि त्यांना सगळ्याचंच काही ना काही असतं. वेळेवर या, आणि गाडीनं या."

"हो, बाई."

"घरी कोण आहे?"

"आई."

"मग जवळ राहा की," प्रेमाबाई म्हणाल्या, आणि शाळा देते त्या पगारात ते कसं जमावं, हे त्यांच्याच लक्षात आलं असावं. त्या घाईनं आत गेल्या.

शाळेत काही घडलं की हे भाऊंना सांगू, असं चारुशीलेच्या मनात अजून येई. मग ते तसंच राहून जाई.

इरम्मानं तिला कवठाळवाडीचं नाव सांगितलं. नाक्यापासून आत, पायवाटेनं कोसभर. तिचा रस्ता नाक्याच्या पुढं सोलापूरकडं डांबरीला मिळे. गाव आडवाटेचं, पण तिथं मुक्कामाची गाडी होती. संध्याकाळी सोलापूरहून यायची, रात्री गावातच राहायची आणि सकाळी तिथूनच सुटायची. "रिकामी असतीया बाई. बूड टेकून जाताव. इथं लांबून भरून येणार, ते कशाला थांबतील?"

रविवारी, चार मुलींच्या घरी वह्या द्यायच्या आहेत असं आईला सांगून, चारुशीला पायवाटेनं कवठाळवाडीला गेली. गावचे आण्णासाहेब ओसरीवर पान लावत बसले होते. त्यांच्या घरामागं दोन खण रिकामे होते.

"पुरुषमाणूस कोन तुमच्यात?" त्यांनी विचारलंच.

"कुणी नाही. मी आणि आई."

"मंग लई ब्येस. पुरुषमाणूस आला की पारावर बसून इलेक्शन लढवतोय. हितं हायेत तेवढेच भागंनात."

"आन त्येंच्यात हे पयले," आतून त्यांची बायको धुरपदाबाई म्हणाली आणि पदरानं हात पुसत बाहेर आली. तिनं जागा दाखवली. भुई नुकतीच सारवलेली होती, चुलीला धुराडं होतं, आड जवळ होता. भाडं नाक्यापेक्षाही कमी सांगितलं. चारुशीलेला वाटलं, काहीतरी राहिलंय. ते राहिलेलं धुरपदाबाईनं सांगितलं.

"गाडीवाल्यांचा वार घ्यावा लागंल, बाई."

"म्हणजे?"

"मुक्कामाला ड्रायव्हर-कंडक्टर दोघं असत्यात. त्येंचं रातचं जेवान गावावर. एकेका घरी एकेक वार. मागं कुनी पानीसुदिक इचारलं न्हाय, तर रागानं मुक्काम हलवला की पल्याडच्या गावाला! आख्खा हंगाम गाडी न्हाय. माझी वांगी सडली, पोरींची शाळा बुडाली. तवापास्नं वार लावला. जो गावात राहील त्येनं वार घ्यायचा. तुमी बामणाच्या, म्हनून आदीच सांगते. ड्रायव्हर मुसलमान हाय. सोन्यासारखा मानूस. पन तुमच्या आईला चालतंय का इचारून या. मागनं तोंड वाकडं नगं."

"विचारते," चारुशीला म्हणाली. परतीच्या वाटेवर तिला कळलं, की वाराचं विचारणं सोपं आहे. त्याच्याआधी जे सांगावं लागेल ते तिला दोन महिन्यांत जमलेलं नव्हतं.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. इथं आल्यापासून ती मागच्या दाराबाहेरच्या तुळशीपलीकडं गेली नव्हती. भाऊंना जाऊन वर्ष व्हायचं होतं.

"आई, कवठाळवाडीला जागा बघून आले मी."

"वह्या द्यायला गेली होतीस ना?"

"नाही. जागा बघायला."

"ही काय वाईट आहे?"

"तिथं सकाळची गाडी मिळते."

"इथं थांबते की."

चारुशीला भिंतीला टेकून खाली बसली. "नाही थांबत, आई. पहिल्या दिवसापासून नाही थांबत."

"मग रोज जातेस कशानं?"

"लॉरीनं."

भाकरी तव्यावर करपू लागली. आईनं ती उलटली, मग उतरवली. "ते म्हणाले होते, थांबते."

"तेव्हा थांबायची."

"तू हात नीट करत नसशील," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "लहानपणापासून तुला कुणाला थांब म्हणायचा संकोच. दारावरचा भाजीवाला पुढं जायचा, तरी तू तोंड उघडायची नाहीस."

"बरं. माझाच हात नीट नाही. पण मला वेळेवर जायला हवं. नाहीतर ही नोकरी राहणार नाही."

"मग तू शहरात राहा. मी बाबूकडं जाते."

"मामींच्या स्वयंपाकघरात?"

"जाईन. त्यांनी शेवटी एक गोष्ट सांगितली. ती खोटी पाडून मला दुसरीकडं सुखानं राहायचं नाही."

चारुशीलेकडं यावर उत्तर होतं. पुष्कळ होती. पण ती सगळी पुस्तकांत वाचलेली होती, आणि आईसमोर त्यातलं एकही उच्चारावंसं वाटलं नाही. दोघी जेवल्या. वाराचं विचारायचं राहूनच गेलं.

सकाळी ती पिशवी घेऊन रस्त्यावर आली तेव्हा मागं पावलं वाजली. आई डोक्यावरून पदर घट्ट ओढून खोल्यांच्या कडेनं येत होती. इरम्मा टपरीत उठून उभी राहिली.

"अव्वा, तुम्ही? बसा की, बाकडं पुसते."

"गाडी थांबवायला आलेय," आई म्हणाली आणि सरळ त्या दोन दगडी खांबांपाशी जाऊन, डांबरावर एक पाय ठेवून उभी राहिली.

गाडी आली. आईनं हात वर केला. चारुशीला करायची तसा नाही, विनवणीचा नाही. तळवा सरळ समोर, बोटं जुळलेली. नोकरीवरचा माणूस करतो तसा. गाडीचा वेग उतरला. चारुशीलेला गिअर बदलल्याचा आवाज ऐकू आला आणि तिच्या मनात आलं की आता ती थांबेल, आईचं खरं होईल, आणि उद्या पुन्हा थांबणार नाही. मग काय करायचं? दारातल्या माणसानं पाय आत ओढायचा प्रयत्न केला. आत जागा नव्हती. ड्रायव्हरनं म्हातारीकडं पाहिलं, एक हात उचलून मागं दाखवला आणि गाडी पुढं गेली. खिडकीतली एक बाई मान वळवून दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली.

आईनं हात खाली घेतला. "मागून दुसरी येतेय म्हणाला ना तो?"

"रोज म्हणतो."

"थांबू या."

त्या थांबल्या. इरम्मानं चहा आणला. आईनं तो घेतला नाही, पण पेला परतही केला नाही. निवेपर्यंत धरून उभी राहिली. एक बैलगाडी गेली. कडब्यानं भरलेला ट्रक गेला. रस्ता नळदुर्गाकडं उन्हात रिकामा पडला होता. बसप्पानं चारुशीलेला खूण केली, लॉरी निघतेय.

"जा," आई म्हणाली.

"तू?"

"मला वाट माहीत आहे. मागचं तर दार."

चारुशीला पायरीवर चढली. आईनं पिशवी खालून वर दिली. लॉरीचं इंजिन घरघरत होतं, त्यामुळं तिला मोठ्यानं बोलावं लागलं. "त्या गावात काही अट आहे का? इतकी स्वस्त जागा अशी देत नाहीत कुणी."

चारुशीलेनं वाकून वाराचं सांगितलं. ड्रायव्हरचंही सांगितलं.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "सोमवार घे," ती म्हणाली. "सोमवारी मला उपास. रांधायला दिवस मोकळा मिळतो. आणि जेवणाऱ्याला कोण-कुठला विचारायला आपण काय नाका घातलाय?"

ती हसली नाही. चारुशीलाही नाही. इरम्मा तेवढी हसली आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला.

शाळेत प्रेमाबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. चारुशीला म्हणाली, "आजचा दिवस शेवटचा, बाई. जागा बदलतेय." प्रेमाबाई "बघू" म्हणाल्या. त्या बघूमध्ये होही नव्हतं आणि नाहीही नव्हतं.

संध्याकाळी ती सोलापूरच्या स्टँडवर मुक्कामाच्या गाडीत बसली. आण्णासाहेबांना होकार कळवून ती पायवाटेनं नाक्यावर परतणार होती. खिडकीशेजारची जागा मिळाली. कंडक्टरनं विचारलं, "कवठाळवाडी? कुणाच्या पाहुण्या?"

"आण्णासाहेबांकडं राहायला येतोय. पुढच्या आठवड्यापासून सोमवार आमचा."

"अरे वा!" तो पुढं ओरडला, "चाचा, सोमवार आला!"

"बाईला सांग, तिखट बेतानं," ड्रायव्हर न वळता म्हणाला. "रविवारवालीनं पोट जाळून टाकलंय माझं."

गाडी सुटली. पौषापासून चारुशीला उभीच होती, असं तिला वाटलं; रस्त्यावर, वर्गात, लोकांसमोर. आता बाकाला पाठ टेकली आणि अंगातलं सगळं एकदम खाली बसलं. भाऊंच्या खोल्या सोडायच्या होत्या, सामान हलवायचं होतं, मामांना कळवायचं होतं. शेजारची बाई मांडीवरच्या टोपलीवर मान टाकून झोपली होती. चारुशीलेनं तोंड खिडकीकडं फिरवलं आणि पदर डोळ्यांवर घेतला. धूळ फार होती, तेव्हा कुणी काही विचारलं नाही.